एल-आकाराच्या हॉलमध्ये फर्निचर मांडताना
(ऑर्डर देण्यापूर्वी ग्राहकांनी कृपया वाचावे)

शहरातील अनेक फ्लॅटमध्ये बैठक आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये भिंत नसते आणि दोन्ही मिळून इंग्रजी एल अक्षरासारखा एकच हॉल तयार होतो. अशा हॉलमध्ये एका कोपऱ्यात कॉलम पुढे आलेला असतो आणि मुख्य दरवाजा नेमका दोन भागांच्या सांध्यावर उघडतो. बाल्कनी, स्वयंपाकघर आणि बेडरूमकडे जाणाऱ्या वाटाही याच जागेतून जातात. त्यामुळे सोफा कोठे ठेवायचा हे ठरविण्यापूर्वी माणसे कोठून चालणार हे ठरवावे, असा आमचा आग्रह असतो.

मोजमापे बिल्डरच्या ब्रोशरवरून घेऊ नयेत. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यातील व्याख्येनुसार कार्पेट क्षेत्रफळात घरातील आतील भिंतींची जाडीही धरलेली असते, त्यामुळे त्या आकड्याइतकी मोकळी फरशी प्रत्यक्षात मिळत नाही. फरशी, प्लॅस्टर आणि स्कर्टिंग पूर्ण झाल्यावर टेपने मापे घ्यावीत. कॉलम किती पुढे आला आहे, प्रत्येक दरवाजा कोणत्या बाजूला आणि किती उघडतो, स्विचबोर्ड व पंख्याचे हुक कोठे आहेत, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.

उदाहरणादाखल, बैठकीचा भाग १० फूट रुंद व सुमारे १८ फूट लांब असून बाल्कनी त्याच्या टोकाला आहे, असे धरू. तीन आसनी सोफा साधारण साडेसहा ते सात फूट लांब आणि ३ फूट खोल असतो. तो लांब भिंतीला लावला आणि समोर सव्वा फूट खोलीचे टीव्ही युनिट ठेवले, तर मध्ये पावणेसहा फूट जागा उरते. त्यातून सोफा व टीपॉयमधील दीड फूट आणि टीपॉयचे दोन फूट वजा केल्यास बाल्कनीकडे जाण्यासाठी सव्वादोन फूटच शिल्लक राहतात. वाळत घालायच्या कपड्यांची बादली हातात घेऊन तेथून जाताना गुडघा टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटणारच. याउलट टीव्ही भिंतीवर लावून त्याखाली अर्धा फूट खोलीची फळी बसविली, तर तीच वाट ३ फुटांची होते. सोफ्यावर बसलेल्या माणसापासून भिंतीवरचा टीव्ही सुमारे सात फुटांवर येतो आणि ५५ इंची पडद्यासाठी हे अंतर पुरेसे आहे.

हॉल एल-आकाराचा म्हणून सोफाही एल-आकाराचाच हवा, असा समज आम्हाला वारंवार आढळतो. आमच्या मते १० फूट रुंदीत तो बहुधा गैरसोयीचा ठरतो, कारण त्याचा पुढे येणारा भाग साधारण पाच फूट जागा व्यापतो आणि एक तर बाल्कनीची वाट अडवितो, नाही तर दरवाजातून आत येणाऱ्याच्या वाटेत येतो. त्याऐवजी तीन आसनी सोफा आणि हलविता येतील अशा दोन खुर्च्या घ्याव्यात. रात्री मुक्कामाला पाहुणे येणारे घर असेल, तर खुर्च्यांऐवजी दिवाण अधिक उपयोगी पडतो. तरीही एल सोफाच हवा असल्यास सोफ्यासमोर उभे राहून त्याचा पुढे येणारा भाग डावीकडे हवा की उजवीकडे, हे ऑर्डरवर स्पष्ट लिहावे. बनविल्यानंतर तो बदलता येत नाही.

जेवणाचा भाग ८ बाय ९ फूट असल्यास टेबल मधोमध ठेवू नये. अडीच फूट रुंदीचे टेबल आणि दोन्ही बाजूंना खुर्ची मागे सरकविण्यासाठी अडीच-अडीच फूट, एवढ्यात आठपैकी साडेसात फूट जातात आणि स्वयंपाकघरात जायला वाट उरत नाही. टेबलाची लांब बाजू भिंतीला लावल्यास मात्र पूर्ण ३ फुटांची वाट मिळते आणि रोजच्या तिघाचौघांची सोय होते. सणासुदीला टेबल पुढे ओढता येते. कॉलमच्या आड तयार झालेला कोनाडा रिकामा न ठेवता त्याच्याच खोलीची चपलांची किंवा पुस्तकांची कपाटे बसवावीत, म्हणजे कॉलम व कपाट एका रेषेत येऊन भिंत सरळ दिसते. देवघराची जागा मात्र आधी ठरवावी. ती नंतर ठरविल्यास सगळी मांडणी पुन्हा हलवावी लागते.

बाहेरील भिंतीला लागून येणारे फर्निचर दोन-तीन इंच सोडून ठेवावे, कारण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आल्यास कापड व प्लायवुड दोन्ही खराब होतात. बाल्कनीलगतच्या कपाटासाठी आयएस ७१० दर्जाचे, म्हणजे ओलाव्यात टिकणारे मरीन प्लायवुड आम्ही सुचवितो.

ऑर्डर देण्यापूर्वी प्रत्येक वस्तूच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून फरशीवर चिकटवावेत, सर्व दारे उघडून पाहावीत आणि एक-दोन दिवस घरातल्यांनी त्या कागदांना वळसा घालूनच वावरावे. जेथे पाय वारंवार कागदावर पडतो, तेथील वस्तू लहान करावी किंवा वगळावी. शेवटी लिफ्टच्या दाराची रुंदी, केबिनची उंची, जिन्याचे वळण आणि मुख्य दरवाजाची मोकळी रुंदी मोजून आम्हाला कळवावी. सोफा त्यातून जात नसेल, तर तो जागेवर जोडता येईल अशा दोन भागांत आम्ही बनवून देतो, परंतु त्यासाठी ही मापे लाकूड कापण्यापूर्वी मिळणे आवश्यक आहे.