सांत गणित व प्रतिमानन

विद्यापीठात पदवीच्या सुरुवातीला शिकवला जाणारा, कलनाची (कॅल्क्युलसची) पूर्वतयारी न लागणारा गणिताचा अभ्यासक्रम. वाणिज्य, समाजशास्त्रे आणि जीवविज्ञान शिकणारे विद्यार्थी तो प्रामुख्याने घेतात. संच, मोजणी, संभाव्यता, मॅट्रिक्स (संख्यांची ओळी-स्तंभांतली मांडणी), रेषीय प्रायोजन (रेषीय अटी पाळून सर्वांत जास्त वा कमी किंमत शोधणे), मार्कोव साखळ्या (पुढची अवस्था केवळ सध्याच्या अवस्थेवर ठरते अशा प्रक्रिया) आणि बहुतेक ठिकाणी व्याजाचे गणित एवढा त्याचा आवाका. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमधील जॉन केमेनी, लॉरी स्नेल आणि जेरल्ड थॉम्पसन यांचे पाठ्यपुस्तक १९५७ मध्ये निघाले, त्यानंतर हा विषय वेगळा अभ्यासक्रम म्हणून रुजला.

यातली आकडेमोड शालेय पातळीचीच असते. गुण जातात ते शाब्दिक उदाहरणाचे समीकरण मांडताना, म्हणजेच प्रतिमाननात. म्हणून चल कोणते आणि त्यांचे एकक काय, हे आधी वाक्यात लिहावे. ‘क्ष = टेबले’ असे लिहिणे पुरेसे नाही; ‘क्ष = आठवड्यात बनवायच्या टेबलांची संख्या’ असे लिहावे.

रेषीय प्रायोजनात हे सर्वांत स्पष्ट दिसते. समजा, एका टेबलाला सुतारकामाचे २ तास व रंगकामाचा १ तास लागतो, तर एका कपाटाला अनुक्रमे १ व ३ तास. आठवड्याला सुतारकामाचे १०० आणि रंगकामाचे १५० तास उपलब्ध आहेत. नफा टेबलामागे ५ व कपाटामागे ४ एकके. क्ष = आठवड्यात बनवायच्या टेबलांची संख्या आणि य = कपाटांची संख्या धरली, तर अटी अशा : २क्ष + य ≤ १००, क्ष + ३य ≤ १५०, क्ष ≥ ०, य ≥ ०. शेवटच्या दोन अटी लिहायच्या हमखास राहतात. आलेखावर या अटींनी वेढलेल्या क्षेत्राचे शिरोबिंदू (०, ०), (५०, ०), (३०, ४०) आणि (०, ५०) येतात. सर्वोत्तम किंमत शिरोबिंदूवर मिळतेच, म्हणून तेवढेच तपासायचे. नफा ५क्ष + ४य ची किंमत त्यांवर ०, २५०, ३१० आणि २०० भरते. म्हणजे ३० टेबले व ४० कपाटे. नफा ४क्ष + २य असता, तर (५०, ०) ते (३०, ४०) या रेषाखंडावरचा प्रत्येक बिंदू सर्वोत्तम ठरला असता, कारण ती कड आणि नफ्याची रेषा समांतर आहेत.

आता सुतारकामाचा एकच तास वाढवून पाहावा. शिरोबिंदू (३०.६, ३९.८) वर सरकतो आणि नफा ३१२.२ होतो, म्हणजे त्या जादा तासाचे मोल २.२ एकके. पण टेबल अपूर्णांकात विकता येत नाही. जवळच्या पूर्णांकांत बदलून (३१, ४०) घ्यावे, तर सुतारकामाचे १०२ तास लागतात, हाती मात्र १०१ च आहेत. अपूर्णांक सोडून (३०, ३९) घ्यावे, तर नफा ३०६ वर उतरतो. पूर्णांकांतले खरे उत्तर (३१, ३९), नफा ३११. नुसत्या आसन्नीकरणावर (जवळच्या पूर्णांकात बदलण्यावर) विसंबू नये ते यासाठीच. दोनपेक्षा जास्त चल असले, की आलेख फारसा उपयोगी पडत नाही. तिथे जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत (एका शिरोबिंदूवरून अधिक चांगल्या शिरोबिंदूकडे सरकत जाण्याची रीत) वापरतात.

मोजणीत क्रम महत्त्वाचा आहे का, हा पहिला प्रश्न. १० जणांतून तिघांची समिती १२० प्रकारे निवडता येते. पण अध्यक्ष, सचिव व खजिनदार निवडायचे असतील, तर ७२० प्रकारे.

सशर्त संभाव्यतेत (एक गोष्ट घडली हे धरून दुसरीची संभाव्यता काढताना) शेकडेवारीऐवजी मोठी संख्या धरून मोजलेले बरे. २% भाग सदोष असून तपासणी सदोषांपैकी ९०% पकडते, पण चांगल्यांपैकी ८% नाकारते असे समजू. १०,००० भागांत १८० सदोष आणि ७८४ चांगले भाग नाकारले जातील. म्हणजे नाकारलेला भाग खरोखर सदोष असण्याची संभाव्यता १८०/९६४, सुमारे १८.७%; ९०% नव्हे. दोन उलट सशर्त संभाव्यता एकच समजण्याची ही चूक चांगल्या विद्यार्थ्यांकडूनही होते.

मार्कोव साखळीत संक्रमण मॅट्रिक्सच्या (एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या संभाव्यतांच्या मॅट्रिक्सच्या) ओळींची बेरीज १ आहे की स्तंभांची, ते आधी पाहावे; त्यावर गुणाकाराची बाजू ठरते. ओळी (०.८, ०.२) आणि (०.४, ०.६) असतील, तर स्थिर अवस्था, म्हणजे पुढच्या पायरीला न बदलणारी विभागणी, (२/३, १/३) येते. ती काढताना मिळणारी दोन समीकरणे खरे तर एकच असतात. ‘बेरीज = १’ हे समीकरण जोडले नाही, तर उत्तर अडकून पडते.

व्याजात दर आणि कालखंड जुळवणे एवढेच अवघड : वार्षिक १२% दराने दरमहा चक्रवाढ म्हणजे महिन्याला १%, आणि वर्षाअखेर प्रत्यक्ष वाढ सुमारे १२.६८%.