इफ्फीची जाहिरात येण्याआधी : गोव्यातल्या तरुण फिल्मवाल्यांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

चवथ आटोपली, गणपतीवरची माटोळी उतरली की आमच्या वाचनालयात दोन-तीन मुलं हमखास येतात. "सर, इफ्फीत फिल्म घालायची आहे, फॉर्म कुठे मिळतो?" इफ्फी म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. फिल्म तयार असते, बऱ्याचदा चांगलीही असते. नसतो तो रहिवासी दाखला. ज्या काकांच्या माडीवर चित्रीकरण झालं त्यांची सही नसते, आणि पार्श्वसंगीत कुठून उचललं या प्रश्नाला उत्तर नसतं. डिचोलीकडच्या मुलांचे असे अर्ज भरून देता देता माझ्या एक ध्यानात आलंय : ज्यूरी फिल्म बघेल तेव्हा बघेल, त्याआधी अर्ज कागदापाशीच अडतो. आणि हे कागद ऑक्टोबरात धावपळ करून मिळत नाहीत, मे महिन्यात आरामात मिळतात.

कुठे काय आहे

इफ्फी २००४ पासून गोव्यात भरतो. त्यात दोन संस्थांची कामं वेगळी आहेत आणि मुलं तिथेच गोंधळतात. राज्याची ती गोवा मनोरंजन संस्था, म्हणजे सगळे जिला ईएसजी म्हणतात ती. तिचं कार्यालय पणजीत जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात, माकिनेझ पॅलेसजवळ. केंद्राची ती एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ. गोमंतकीय चित्रपटांच्या विभागासाठी प्रवेशिका ईएसजी मागवते. 'इंडियन पॅनोरमा' हा निवडक भारतीय चित्रपटांचा विभाग आणि 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो' हा तरुण कलाकारांचा उपक्रम हे केंद्राकडचे विषय, त्यांचे अर्ज ऑनलाइन. एकाचा अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन हात हलवत परत आलेले मी पाहिलेत.

यातला 'क्रिएटिव्ह माइंड्स'चा उपक्रम तरुणांनी नीट समजून घ्यावा, कारण त्यासाठी स्वतःची फिल्म दिग्दर्शित केलेली असायलाच हवी असं नाही. २०२१ साली स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त देशभरातून ७५ जण निवडून तो सुरू झाला आणि २०२४ मध्ये निवड १०० जणांपर्यंत गेली. भारतीय नागरिक हवा आणि वय ३५ च्या आत. अर्ज एखाद्या कलाप्रकारात करायचा असतो. २०२४ ला असे १३ प्रकार होते : दिग्दर्शन, अभिनय, पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, संगीत, वेशभूषा, कला दिग्दर्शन, ॲनिमेशन वगैरे. निवडलेल्यांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला ४८ तासांत लघुपट करून द्यावा लागतो. गावच्या उत्सवी नाटकाला साउंड लावणारा, दशावताराच्या रंगपटात बसून रंगभूषा शिकलेला, लग्नाचे व्हिडिओ कापून जोडणारा, असा प्रत्येक जण इथे कुठल्या ना कुठल्या खान्यात बसतो. आमच्याकडची मुलं मात्र एकजात 'दिग्दर्शन'वर टिकमार्क करतात. तिथे गर्दी सगळ्यात जास्त. तुमचा हात ज्या कामात बसलाय तोच खाना भरा आणि नमुना म्हणून त्याच कामाची क्लिप जोडा. संकलनाच्या अर्जाला ड्रोनची सुंदर दृश्यं जोडून काय उपयोग?

इंडियन पॅनोरमात जास्तीत जास्त २५ फीचर आणि २० नॉन-फीचर फिल्म घेतात. पहिल्या लघुपटासाठी ही उडी मोठी आहे, पण दार बंद नाही. इंग्रजी सबटायटल्स सक्तीची. ती स्वयंचलित सॉफ्टवेअरवर सोडू नका. 'आवय' (आई) आणि 'घुमट' (मातीचं वाद्य) यांची त्यात काय दशा होते ते एकदा पाहाच.

नुसता महोत्सव बघायचा असेल तर प्रतिनिधी नोंदणी वेगळी. वय १८ पूर्ण हवं, विद्यार्थी गटातून नोंदणी करायची तर चालू वर्षाचं कॉलेजचं ओळखपत्र हवं. गेल्या वर्षीचं चालत नाही आणि जूनमध्ये नवीन कार्ड हातात यायला कॉलेजं वेळ लावतात, म्हणून बोनाफाईड घेऊन ठेवा. त्याच दिवसांत भरणारा फिल्म बाजार ही तर निराळीच नोंदणी. तो निर्माते-वितरकांचा बाजार आहे, पहिल्या वर्षी तिथे पैसे घालू नयेत असं माझं मत.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेचे अल्पमुदतीचे वर्गही अधूनमधून जाहीर होतात, त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवलं तर पुरे.

नाव, गाव आणि दाखला

गोमंतकीय म्हणून कुठल्याही योजनेत किंवा विभागात अर्ज करायचा तर गोमंतकीय असल्याचा पुरावा लागतो. जन्मदाखला हाताशी असू द्या आणि मामलेदार कचेरीतून मिळणारा रहिवासी दाखलाही काढून ठेवा. अर्ज 'गोवा ऑनलाइन' पोर्टलवरून करता येतो. त्याला आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, पंचायतीचं पत्र आणि शाळांचे दाखले जोडावे लागतात. १५ वर्षांच्या दाखल्यासाठी सलग वास्तव्य दाखवायचं असतं आणि त्यात शाळेचे कागदच खरे उपयोगी पडतात. प्राथमिक शाळा विलीन झाली असेल तर तिचं रजिस्टर कुठल्या शाळेत गेलं ते शोधून काढावं लागतं. मग तलाठ्याची चौकशी. हे सगळं आठवडाभरात होईल अशा भ्रमात राहू नका.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. पोर्तुगीज काळात आडनावं त्यांच्या वळणाने लिहिली गेली, त्यामुळे एकाच घरात बापाच्या 'गावकर'मधला 'कर' इंग्रजी सी अक्षराने आणि मुलाचा के अक्षराने असतो. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, आधारवर तिसरं. आमच्याकडच्या एका मुलीचा अर्ज एवढ्यासाठीच परत आला होता. टेबलावरचा माणूस म्हणाला, ही दोन माणसं आहेत. तिने समोर उभं राहून "दोन्ही मीच" म्हटलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. स्पेलिंगमधला फरक किरकोळ असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. नावच वेगळं असेल तर गोव्याच्या १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याखालची रीतसर प्रक्रिया करावी लागते, तिला वेळ लागतो. बँकेचं खातंही त्याच स्पेलिंगचं हवं. बक्षिसाचे किंवा अनुदानाचे पैसे खात्यात जमा होताना पुन्हा हाच घोळ होतो.

अर्ज मराठीत द्यावा का? कागदावरचा अर्ज आणि पत्रव्यवहार जरूर मराठीत करा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणीबरोबर मराठीच्या शासकीय वापराची तरतूद आहे. ऑनलाइन अर्जातली कथासार आणि श्रेयनामावली मात्र इंग्रजीत तयार ठेवावी लागते. कथासार मोजक्या शब्दांचं मागतात, तीन पानांचं नव्हे.

परवानग्या

गोव्यात चित्रीकरणाच्या परवानगीसाठीही ईएसजी हीच मुख्य संस्था. अर्जासोबत कथेचा गोषवारा, ठिकाणवार तारखा, माणसांची यादी, गाड्या आणि सामग्री, निर्मात्याचं ओळखपत्र आणि हमीपत्र जोडायचं. कॉलेजची फिल्म असेल तर प्राचार्यांचं पत्र जोडा आणि विद्यार्थ्यांसाठी शुल्कात काय सवलत आहे ते तिथल्या खिडकीवर विचारून घ्या. न विचारता कोणी सांगत नाही.

पण ईएसजीचं पत्र मिळालं म्हणजे सगळं गोवा मोकळं झालं असं नाही. जागा कोणाची, हा प्रश्न उरतोच. जुन्या गोव्याची बॉम जेझू बासिलिका, तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर ही केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची स्मारकं, तिथे चित्रीकरणाची परवानगी त्यांच्याकडून वेगळी घ्यावी लागते. तांबडी सुर्ला तर अभयारण्यात, म्हणजे वन खातंही आलं. देवळात शूट करायचं तर देवस्थान समितीचं पत्र. गावाबाहेरचा सडा किंवा शेत मोकळं दिसतं म्हणून सरकारी समजू नका, ते कोमुनिदादीचं, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक मालकीचं असू शकतं. गावातल्या रस्त्यावर, बाजारात कॅमेरा लावायचा तर पंचायतीचा ना हरकत दाखला लागतो. तो सरपंचांनी तोंडी 'हो' म्हटल्याने होत नाही, पंचायत मंडळाच्या बैठकीत विषय यावा लागतो. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये लोकांच्या पायऱ्यांवर बसून व्हिडिओ करणाऱ्यांमुळे तिथले रहिवासी आधीच वैतागले आहेत. तिथे घरमालकाची लेखी परवानगी नसेल तर कॅमेरा बाहेर काढूच नका.

दूधसागरच्या रुळांवरून चालत शॉट घेण्याचा मोह प्रत्येक पिढीला होतो. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. अर्जावर 'दिग्दर्शक' लिहिलेलं असलं तरी.

ड्रोनचं म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारच्या 'डिजिटल स्काय' पोर्टलच्या नकाशावर हिरवं, पिवळं, लाल अशी क्षेत्रं दाखवलेली असतात. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. गोवा एवढासा, त्यात दाबोळीला नौदलाचा तळ आणि मोपाला दुसरा विमानतळ. वास्को आणि पेडण्याकडच्यांनी नकाशा उघडल्याशिवाय ड्रोन भाड्याने आणू नये.

पोरं आणि गाणी

१४ वर्षांखालचं मूल अभिनय करणार असेल तर बालकामगार कायद्याखालचे नियम पाहावे लागतात. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून परवानगी घ्यायची, पालकांची संमती जोडायची, मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त कामाला लावायचं नाही आणि सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यायचीच. "घरचीच फिल्म आहे, शेजारचाच पोरगा आहे" असं असलं तरी पालकांची सही कागदावर घ्या. वर्षभराने त्याच शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं तर तोंडी संमतीला काही अर्थ राहत नाही.

संगीताचं प्रकरण याहून नाजूक. जुने मांडो, धालोची गीतं, फुगडी अशा आपल्याकडच्या पारंपरिक गाण्यांवर कोणाचा हक्क नाही असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. परंपरेने आलेलं, कर्ता ठाऊक नसलेलं गीत तुम्ही स्वतः गाऊन वापरू शकता. कर्ता माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. आणि त्याच गीताचं कोणीतरी केलेलं ध्वनिमुद्रण हा वेगळाच हक्क आहे, तोही प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा. म्हणजे गीत मोकळं, पण यूट्यूबवरची ती रेकॉर्डिंग मोकळी नाही. उपाय स्वस्त आहे : गावात घुमट वाजवणारा असतोच, त्याच्याकडून वाजवून घ्या आणि 'या फिल्मसाठी वापरण्यास परवानगी' अशी दोन ओळींची चिठ्ठी सहीसकट घ्या. कथा दुसऱ्याच्या छापील गोष्टीवरून घेतली असेल तर लेखकाचं पत्र हवं. तुमची स्वतःची असेल आणि कोणी चोरेल अशी धाकधूक असेल तर कॉपीराइट कार्यालयात पटकथेची नोंद ५०० रुपयांत होते. नोंद सक्तीची नाही, हक्क लिहिल्याक्षणीच तयार होतो.

सेन्सॉरबद्दल दरवर्षी विचारणा होते. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही, महोत्सवांसाठी केंद्राकडून सूट घेण्याची सोय असते. पण काल्याच्या रात्री देवळासमोर पडदा लावून दाखवणं हे कायद्याच्या भाषेत सार्वजनिक प्रदर्शन आहे आणि त्याला प्रमाणपत्र लागतं. अर्ज 'ई-सिनेप्रमाण' पोर्टलवर करायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर एकदा मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं चालतं, आधी ते १० वर्षांचं असे.

अर्ज अपलोड झाला की पोचपावतीचा स्क्रीनशॉट काढा आणि फिल्मच्या लिंकला पासवर्ड घातला असेल तर तो अर्जात लिहिला आहे ना ते पाहा. गेल्या वर्षी आमच्या एका पोराने सगळी कागदपत्रं बिनचूक जोडली होती. लिंक मात्र प्रायव्हेट ठेवली होती.