निरीक्षणगृहातील समुपदेशक पदासाठी अर्ज : नेमणूक कोण करते, पात्रता आणि कागदपत्रे

कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अठरा वर्षांखालील मुलांसोबत समुपदेशक म्हणून काम करण्याची इच्छा अनेक समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या पदवीधरांना असते. मात्र हे पद नेमके कोणाच्या अखत्यारीत येते याचा उलगडा न झाल्यामुळे त्यांचे अर्ज चुकीच्या कार्यालयात जाऊन पडतात. ही माहिती महाराष्ट्रातील संस्था डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे. मूळ कायदा केंद्राचा असल्यामुळे त्यातील बराच भाग इतर राज्यांनाही लागू पडतो. अर्ज भरण्यापूर्वी 'नेमणूक करणारा कोण' हा एकच प्रश्न सोडवला, तर वयोमर्यादा, आरक्षण, मानधन, कराराची मुदत आणि कागदपत्रांची यादी यांचा बराचसा गोंधळ आपोआप कमी होतो.

पद कोणत्या संस्थेत असते

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. गुन्ह्याचा आरोप असलेल्या किंवा गुन्हा केल्याचे आढळलेल्या मुलाला या कायद्यात विधिसंघर्षग्रस्त बालक म्हटले आहे. अशा मुलांची प्रकरणे हाताळणाऱ्या बाल न्याय मंडळापुढील चौकशी चालू असताना त्याला कलम ४७ अन्वये निरीक्षणगृहात ठेवले जाते. चौकशीअंती मंडळाने तसा आदेश दिल्यास त्याची रवानगी कलम ४८ खालील विशेष गृहात होते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी, तसेच सोळा ते अठरा वयोगटातील ज्या मुलांवर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा, आरोप आहे त्यांच्यासाठी, कलम ४९ मध्ये सुरक्षित ठिकाणाची तरतूद आहे. बालगृह मात्र या तिन्हींहून वेगळे आहे. तेथील मुले काळजी व संरक्षणाची गरज असलेली असतात आणि त्यांची प्रकरणे मंडळापुढे नव्हे, तर बाल कल्याण समितीपुढे चालतात. जाहिरातीत अनेकदा 'बालगृह/निरीक्षणगृह' असे एकत्र लिहिलेले असते, पण दोन्ही ठिकाणच्या कामाचा पोत निराळा असतो. निरीक्षणगृहातील मूल तेथे किती दिवस राहील हे कोणालाच ठाऊक नसते. जामीन झाला की ते दुसऱ्या दिवशी घरी जाते, आणि समुपदेशकाने आखलेली सहा सत्रांची मांडणी पहिल्या सत्रातच संपते. अर्जदाराने हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

संस्थेत मुलांना पुरवायच्या सेवांची यादी कलम ५३ मध्ये आहे आणि मुलाच्या गरजेनुसार समुपदेशनासह मानसिक आरोग्यविषयक उपाययोजना तिच्यात स्पष्टपणे नमूद आहेत. त्यामुळे समुपदेशकाचे पद संस्थेच्या मर्जीवर अवलंबून असलेली सोय नाही, त्यामागे कायद्याचा आधार आहे.

नेमणूक कोण करते

महाराष्ट्रातील सर्व निरीक्षणगृहे थेट शासनाची आहेत असा समज आहे, तो बरोबर नाही. काही संस्था महिला व बाल विकास विभाग स्वतः चालवतो. अनेक जिल्ह्यांत निरीक्षणगृह जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवते आणि शासन तिला अनुदान देते. मुंबईतील उमरखाडी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले डोंगरी, येथील निरीक्षणगृह १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीकडे आहे. शासकीय संस्थेतील पदाची जाहिरात विभागाकडून किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाकडून निघते. संघटनेच्या संस्थेतील पदासाठी अर्ज संघटनेच्या मानद सचिवांकडे किंवा संस्थेच्या अधीक्षकांकडे मागवला जाऊ शकतो. काही ठिकाणी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत भरती होते. अशा वेळी करार एजन्सीशी होतो, संस्थेशी नाही, आणि पुढे अनुभव प्रमाणपत्र कोण देणार हा प्रश्न उभा राहतो. तो अर्जाच्या वेळीच विचारून घ्यावा.

याखेरीज दोन वाटा आहेत. प्रत्येक जिल्ह्यातील जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशकाचे स्वतंत्र पद असते. त्याचे काम एका संस्थेपुरते मर्यादित नसून जिल्ह्यातील मुले आणि कुटुंबांशी संबंधित असते. दुसरी वाट स्वयंसेवी संस्थांची. त्या विभागाच्या परवानगीने आपले समुपदेशक निरीक्षणगृहात पाठवतात. तेथे नेमणूक आणि पगार स्वयंसेवी संस्थेचा असतो आणि प्रवेशाची परवानगी विभागाची. नवख्या उमेदवाराला पहिल्या वर्षाचा अनुभव मिळवण्यासाठी ही वाट मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

परिविक्षा अधिकारी हे पद समुपदेशकाच्या पदाशी गल्लत करण्याजोगे नाही. मुलाचे घर, शाळा आणि परिसर यांची चौकशी करून बाल न्याय नियमांच्या नमुना ६ मधील सामाजिक अन्वेषण अहवाल मंडळाला देणे हे परिविक्षा अधिकाऱ्याचे काम आहे. ते पद भरण्याची पद्धत आणि त्याची पात्रता वेगळी असते.

शैक्षणिक पात्रता आणि मानधन

पूर्वीची एकात्मिक बाल संरक्षण योजना आता मिशन वात्सल्य या नावाने चालते. सर्वसाधारण राज्यांत तिचा खर्च केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत समुपदेशकासाठी समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा समुपदेशन या विषयांतील मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, किंवा समुपदेशन व संवाद या विषयातील पदव्युत्तर पदविका, ही अट आहे. तिच्या जोडीला शासकीय किंवा स्वयंसेवी संस्थेतील किमान एक वर्षाचा अनुभव, शक्यतो महिला व बाल विकासाच्या क्षेत्रातील, आणि संगणकाचे ज्ञान अपेक्षित आहे. या सूचनांनुसार संस्थेतील समुपदेशकाला दरमहा २३,१७० रुपये आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातील समुपदेशकाला १८,५३६ रुपये मानधन धरले आहे. कामाचे ओझे पाहता ही रक्कम तोकडी आहे हे लपवण्यात अर्थ नाही. संघटना किंवा एजन्सीमार्फतच्या नेमणुकीत आकडा वेगळा असू शकतो, म्हणून जाहिरातीतील आकडाच प्रमाण मानावा. पदव्युत्तर पदवीचा आग्रह सूचनांत नसला, तरी निवडीत तिला गुण मिळतात, एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्रातील एम.ए. असलेले उमेदवार समोर असताना केवळ पदवीवर भिस्त ठेवणे कठीण जाते.

भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ती नोंदणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञासाठी आहे. समुपदेशक पदाच्या वरील अटींत तिचा समावेश नाही. नोंदणी नसताना अर्जात किंवा ओळखपत्रावर स्वतःला 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणवून घेणे मात्र टाळावे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वर्तन आरोग्य विज्ञान व्यावसायिक असा वर्ग असून, त्यात वर्तन आरोग्य समुपदेशक, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि इतर काही व्यवसायांची नावे आहेत. या क्षेत्रात दीर्घकाळ राहू इच्छिणाऱ्यांनी त्या कायद्याखालील नोंदणीकडे लक्ष ठेवावे.

मुलींच्या संस्थेतील पदासाठी केवळ महिला उमेदवारांचा विचार होतो. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांतच मुलींच्या संस्थेत प्रभारी आणि कर्मचारी महिलाच असाव्यात अशी तरतूद आहे.

कागदपत्रे

शाळा सोडल्याचा दाखला, पदवीची सर्व वर्षांची गुणपत्रके आणि प्रमाणपत्र, आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र, आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातीचे प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमीलेअर, एमएस-सीआयटी किंवा समतुल्य प्रमाणपत्र, आणि जाहिरातीत मागितले असल्यास लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, ही यादी इतर कोणत्याही भरतीसारखीच आहे. विवाहानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडावे. पदवी एका नावाने आणि आधार दुसऱ्या नावाने असेल, तर छाननीत प्रश्न येतोच.

खरी अडचण अनुभव प्रमाणपत्राची असते. 'सदर व्यक्तीने आमच्या संस्थेत समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीवर छाननी समिती अनुभव मोजू शकत नाही. प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर असावे, त्यावर जावक क्रमांक आणि दिनांक असावा, संस्थेचा नोंदणी क्रमांक असावा, पदनाम नेमके असावे, रुजू झाल्याचा आणि कार्यमुक्त झाल्याचा दिनांक असावा, काम पूर्णवेळ होते की अर्धवेळ, मानधनी होते की स्वयंसेवी, हे लिहिलेले असावे, आणि कोणत्या वयोगटातील मुलांसोबत काम केले याचा एखाद्या वाक्यात उल्लेख असावा. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्य हा शिक्षणाचा भाग मानला जातो. जाहिरातीत तसे म्हटले नसेल, तर ते अनुभवात धरले जाईल असे गृहीत धरू नये.

कामाचा पुरावा म्हणून काही उमेदवार आपण हाताळलेल्या प्रकरणांच्या नोंदी अर्जासोबत जोडतात. असे कधीही करू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील उघड करणे हा गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुसते नाव खोडून भागत नाही, कारण गाव, घटना आणि वय एकत्र आले की मूल ओळखता येते. गोपनीयता हाच ज्या पदाचा पाया आहे, त्या पदाच्या अर्जातच ती मोडणारा उमेदवार कोणती समिती निवडेल?

चारित्र्य पडताळणी

मुलांच्या संस्थेत रुजू होण्यापूर्वी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले जाते. महाराष्ट्रात त्यासाठी पोलिसांच्या नागरिक सेवांमधून ऑनलाइन अर्ज करता येतो आणि पडताळणी निवासाच्या हद्दीतील पोलीस ठाण्यामार्फत होते. अलीकडे पत्ता बदलला असेल तर जुन्या पत्त्याचीही विचारणा होऊ शकते. काही जाहिरातींत अर्जासोबत फक्त स्वयंघोषणापत्र आणि निवडीनंतर प्रमाणपत्र मागितलेले असते. तरीही निवड यादी लागण्याची वाट न पाहता प्रक्रिया आधी सुरू केलेली सोयीची, कारण रुजू होण्याची मुदत छोटी असते.

एक तरतूद फारशी कोणी सांगत नाही. अर्जदार स्वतः बालपणी या व्यवस्थेतून गेलेला असेल, तर कलम २४ नुसार त्या प्रकरणामुळे त्याच्यावर कोणतीही अपात्रता येत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या ज्या मुलावर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, त्याचा मात्र यात अपवाद आहे. प्रकरण बंद किंवा निकाली झाले असेल, तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ती नोंद उघड करण्यास पोलिसांना कलम ७४ नेच मनाई केली आहे. अशी पार्श्वभूमी असलेली व्यक्ती उत्तम समुपदेशक होऊ शकते. तिने केवळ धास्तीपोटी अर्ज टाळण्याचे कारण नाही.

मुलाखतीत काय पाहिले जाते

बऱ्याच ठिकाणी लेखी परीक्षेऐवजी गुणांकन आणि मुलाखत असते. कायद्याची कलमे पाठ आहेत का यापेक्षा, आपल्या भूमिकेची सीमा उमेदवाराला कळते का, हे तपासणे समितीला अधिक महत्त्वाचे वाटले पाहिजे, आणि जाणकार सदस्य तेच विचारतात. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ कलम १५ अन्वये प्राथमिक मूल्यांकन करते. मुलाला प्रथम हजर केल्यापासून तीन महिन्यांत ते पूर्ण व्हावे लागते. मंडळावर बाल मानसशास्त्र किंवा बाल मनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मधील एका निकालात स्पष्ट केले. मग ते मूल्यांकन संस्थेच्या समुपदेशकानेच करावे का? माझ्या मते नाही. ज्याच्यापाशी मूल विश्वासाने बोलते, त्यानेच मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा की नाही यावर मत दिले, तर त्या संस्थेतील पुढचे मूल समुपदेशकाजवळ तोंड उघडणार नाही. मंडळाने आदेश दिल्यास तो पाळावाच लागेल, पण दोन्ही भूमिका वेगळ्या ठेवण्याची विनंती लेखी स्वरूपात करता येते, आणि मुलाखतीत हा मुद्दा मांडणारा उमेदवार उठून दिसतो.

गोपनीयतेलाही मर्यादा आहेत. सत्रात मुलाने लैंगिक अत्याचाराची माहिती दिली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, मग अत्याचार संस्थेत झालेला असो वा बाहेर. पहिल्या भेटीतच 'तू जे सांगशील ते माझ्यापाशीच राहील' असे निखालस वचन मुलाला देणे म्हणूनच चूक ठरते. संस्थेत मुलाला शारीरिक शिक्षा करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ मध्ये, तर संस्थेच्या कर्मचाऱ्याने केलेल्या क्रौर्यासाठी कलम ७५ मध्ये शिक्षा आहे. दुसऱ्या तरतुदीत पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सहकाऱ्याने हात उगारलेला पाहिल्यास काय कराल, हा प्रश्न येण्याची तयारी ठेवावी.

निवडीनंतर

नेमणूक सहसा कंत्राटी आणि ठरावीक मुदतीची असते. नियमित शासकीय सेवेत सामावून घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, असे करारात लिहिलेले असते. करारावर सही करण्यापूर्वी साप्ताहिक सुटी, रजा, प्रवासभत्ता आणि एकाहून अधिक संस्थांचा कार्यभार या बाबी वाचून घ्याव्यात. रुजू होताना मूळ कागदपत्रे, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि गोपनीयतेचे हमीपत्र द्यावे लागू शकते. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना नमुना ७ मध्ये तयार होते आणि समुपदेशकाची निरीक्षणे तिच्यात येतात, म्हणून हा नमुना रुजू होण्यापूर्वी एकदा नीट वाचून काढावा. बंगळूरूच्या निम्हान्स संस्थेतील संवाद हा उपक्रम बाल संरक्षण क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. रुजू झाल्यावर अधीक्षकांमार्फत त्याची विचारणा करता येईल. कराराची मुदत संपताना, नूतनीकरण होणार असले तरी, त्या कालावधीचे अनुभव प्रमाणपत्र वर सांगितलेल्या सर्व तपशिलांसह त्याच वेळी मागून घ्यावे. अधीक्षक बदलल्यावर किंवा एजन्सीचे कंत्राट संपल्यावर ते मिळवणे फार जिकिरीचे होते.