निवासवाहनांचा रिकॉल (विद्युत् दोषांमुळे)

झोपणे, स्वयंपाक व स्नान यांची सोय असलेल्या, स्वतःचे इंजिन असलेल्या किंवा मागे जोडून ओढायच्या वाहनांत (अमेरिकेत ‘आरव्ही’) सुरक्षेला घातक विद्युत् दोष आढळल्यास उत्पादकाने मालकांना कळवून तो विनामूल्य दूर करण्याची कायदेशीर पद्धत. वाहन कारखान्यात परत जात नाही, काम बहुधा विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यामुळे ‘गाड्या परत बोलावल्या’ हा वृत्तपत्री प्रयोग काहीसा फसवा आहे.

पद्धतीचा आरंभ सामान्यतः अमेरिकेच्या 1966 च्या मोटार वाहन सुरक्षा कायद्यापासून धरतात. उत्पादक त्याआधीही आपण होऊन गाड्या दुरुस्त करून देत, म्हणून काही जण तो आणखी मागे नेतात. मात्र मूळ कायद्यात दोष कळवण्याचेच बंधन होते. फुकट दुरुस्तीची सक्ती 1974 च्या सुधारणेने आली. आजच्या अर्थाने रिकॉल तेव्हापासून मानणे अधिक सयुक्तिक. अंमलबजावणी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे आहे. दोष ठरल्यावर उत्पादकाने पाच कामकाजी दिवसांत प्रशासनाला अहवाल द्यायचा असतो. रिकॉल क्रमांकात वर्षाच्या दोन अंकांनंतर ‘व्ही’ (वाहन) किंवा ‘ई’ (सुटे उपकरण) हे अक्षर येते.

‘ई’ वर्ग येथे विशेष महत्त्वाचा. इंडियाना राज्यातील एल्खार्ट परिसरात बहुतांश निवासवाहने जुळवली जातात आणि एकाच पुरवठादाराचे स्विच, कन्व्हर्टर (बाहेरून येणारी वीज 12 व्होल्टमध्ये बदलणारे उपकरण), फ्रिज अनेक ब्रँडांत बसतात. डोमेटिक कंपनीच्या 2006 मधील रिकॉलमध्ये नऊ लाखांहून अधिक फ्रिज होते. तो आगीच्या धोक्यामुळे विद्युत् दोषांत मोजला जातो. काटेकोरपणे पाहता दोष बॉयलर नळीला (फ्रिजमधील द्रव तापवणाऱ्या) तडा जाण्याचा होता.

खरा विद्युत् दोष बहुधा सैल जोडात असतो. निवासवाहने मुक्कामाला लावतात त्या तळावरील 30 अँपिअरची जोडणी 120 व्होल्टची, एका फेजची असते. 50 अँपिअरच्या चार पिनांच्या जोडणीत दोन फेज येतात, त्यांच्यात 240 व्होल्ट. ट्रान्स्फर स्विचच्या (तळावरील वीज व जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या) टर्मिनलचा स्क्रू नेमक्या टॉर्कने आवळलेला नसेल तर रस्त्यावरील हादऱ्यांनी ढिला होतो. जोडाचा रोध 0.1 ओहम झाला, तर 30 अँपिअरला तेथे 90 वॉट उष्णता निर्माण होते. प्रवाह मर्यादेतच असल्याने ब्रेकर पडत नाही; प्लास्टिक मात्र वितळते. काळवंडलेला जोड पुन्हा आवळून भागत नाही: तारेचे टोक कापून नव्याने सोलावे आणि टर्मिनल बदलावे लागते. 50 अँपिअरच्या जोडणीत न्यूट्रल सुटल्यास हलका भार असलेल्या फेजवर व्होल्टता 120 च्या बरीच वर जाते व उपकरणे जळतात. वाहनाच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेले असू नयेत. ते चुकून जोडले गेले आणि अर्थिंगही तुटलेले असेल, तर बाहेरचा पत्राच शॉक देऊ शकतो.

12 व्होल्टच्या बाजूला बॅटरीजवळ फ्यूज नसणे आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीखाली तारा घासणे हे दोष नेहमीचे. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असल्याने शॉर्ट झाल्यास प्रवाह फार मोठा वाहतो.

आपल्या वाहनाचा रिकॉल शोधताना केवळ 17 अक्षरांच्या व्हीआयएनवर (वाहनाचा ओळख क्रमांक) विसंबू नये. व्हीआयएन-शोधाची सोय देण्याची सक्ती वर्षाला 25,000 किंवा अधिक हलकी वाहने बनवणाऱ्यांवरच आहे. छोट्या उत्पादकांचे रिकॉल तेथे दिसतीलच असे नाही. मोटारहोममध्ये (स्वतःचे इंजिन असलेल्या निवासवाहनात) चेसिस (इंजिन व चाकांसह खालचा सांगाडा) एका उत्पादकाची, घराचा भाग दुसऱ्याचा. दोन्ही तपासावेत, शिवाय फ्रिज, कन्व्हर्टर यांच्या पाटीवरील मॉडेल व अनुक्रमांकही. दुरुस्ती होईपर्यंत दोषी उपकरण बंद ठेवून त्याचा पुरवठा तोडावा. रिकॉलची सूचना निघेपर्यंत पहिल्या विक्रीला 15 वर्षांहून अधिक काळ उलटलेला असल्यास फुकट दुरुस्तीचा हक्क राहत नाही.

भारतात मोटार वाहन कायद्यात 2019 च्या सुधारणेने कलम 110अ घातले गेले आणि रिकॉलला वैधानिक आधार मिळाला. येथील घरगुती पुरवठा सहसा 230 व्होल्टचा, एका फेजचा असल्याने वर सांगितलेला 50 अँपिअरचा न्यूट्रल-दोष त्या रूपात उद्भवत नाही. सैल जोडाचा मात्र उद्भवतो.