सांस्कृतिक उद्योगांचे मापन : मराठवाडा

कारागिरी, सादरीकरण, ग्रंथव्यवहार, चित्रपट इ. क्षेत्रांतील उत्पादन, रोजगार व उलाढाल आकड्यांत मांडून त्या आधारे आर्थिक धोरण ठरविण्याची पद्धत. माक्स होर्कहायमर व टेओडोर आडोर्नो या जर्मन विचारवंतांनी १९४४ मध्ये संस्कृती-उद्योगाची कल्पना मांडली. पण ती टीका म्हणून, मोजमापाचा तेथे संबंध नव्हता. मोजमापाची पहिली आंतरराष्ट्रीय चौकट युनेस्कोने १९८६ मध्ये दिली व २००९ मध्ये ती नव्याने रचली. दरम्यान ब्रिटनने १९९८ मध्ये तेरा ‘सर्जनशील’ क्षेत्रांची यादी केली. तीत संगणकीय सॉफ्टवेअर धरल्याने एकूण आकडा फुगतो, असा आक्षेप घेतला जातो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची २००३ ची पद्धत कॉपीराइटवर उभी आहे. हस्तकलेसारख्या क्षेत्रात उत्पादनाचा जेवढा वाटा कॉपीराइटमुळे निर्माण झाला असे मानले जाते तेवढाच त्यात मोजतात. ज्या नक्षीचा कर्ता कोणी एक नाही, त्या नक्षीचा वाटा साहजिकच किरकोळ ठरतो. जत्रा, उत्सव व अमूर्त वारसा यांना जागा देणारी २००९ ची चौकट मराठवाड्यासारख्या प्रदेशाला अधिक सोयीची दिसते.

मराठवाड्यात आर्थिक मोजमाप म्हटले की आधी अनुशेष (राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहिलेली विकासाची तूट) आठवतो. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रु. व त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रु. काढला. त्यासाठी नऊ क्षेत्रे घेतली होती : रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा. विणकर, तमाशाचा फड किंवा ग्रंथालय यांचा स्तंभ त्यात नाही. त्या काळाच्या निकडी पाहता हे समजण्यासारखे आहे. तरी पुढची बरीचशी वाटपाची चर्चा याच स्तंभांच्या भोवती फिरत राहिली.

वस्त्रोद्योगाची प्राचीनता : पैठणीला दोन हजार वर्षांची परंपरा असल्याचे प्रसिद्धिसाहित्यात सर्रास सांगितले जाते. त्यासाठी *पेरिप्लस* या ग्रीक व्यापारवृत्ताचा (बहुधा इ. स. पहिल्या शतकाचा मध्य; काहींच्या मते बराच नंतरचा) आधार घेतला जातो. मूळ मजकूर मात्र वेगळे सांगतो. पैठणहून भडोच बंदराकडे गाड्यांतून जात ते मुख्यतः गोमेदासारखे खडे. जाडेभरडे कापड, तलम मलमल आदी वस्त्रे जात ती तगर येथून. हे तगर कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले, रा. गो. भांडारकरांचा कल धारूरकडे होता, तर जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील तेर निश्चित केले. तेरच्या अवशेषांत रोमन व्यापाराशी जोडता येणाऱ्या वस्तू सापडल्याने फ्लीट यांचे मत आज सर्वसाधारणपणे ग्राह्य धरतात. तेव्हा या भागातील कापडव्यापाराचा सर्वांत जुना लेखी दाखला तेरच्या पदरी जातो. पैठणच्या कापडाला त्यातून फारसे काही मिळत नाही आणि आजच्या पैठणीच्या तंत्राविषयी तर काहीच सिद्ध होत नाही. हिमरू या सुती-रेशमी नक्षीदार कापडाची कथाही अशीच आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलविली तेव्हा विणकर आले, असे सांगतात. औरंगजेबाच्या दख्खनमधील वास्तव्याशी विणकामाची भरभराट जोडणारे मत त्यापेक्षा सावध वाटते.

वर्गीकरणाच्या अडचणी : राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात (२००८) विणकामाचे पोटवर्ग धाग्यावरून पडतात, माग कोणता, यावरून नव्हे. सुती व सुतीमिश्रित कापड एका पोटवर्गात, रेशमी व रेशीममिश्रित दुसऱ्यात. हिमरूचा ताणा (उभे धागे) सुती आणि नक्षीचा बाणा (आडवे धागे) रेशमी असल्याने ती दोन्हीकडे बसू शकते. शिवाय खड्डामागावरची (खड्ड्यात पाय सोडून चालविण्याच्या हातमागावरची) हिमरू व यंत्रमागावर काढलेली त्याच नक्षीची शाल एकाच रकान्यात पडतात. पैठणीत निराळा पेच आहे. पदरावरची बांगडी मोर किंवा आसावली ही नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या तिल्या (धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या) हाताने गुंतवून विणतात, त्यामुळे एका साडीला कित्येक महिने लागू शकतात. कांडी भरणे, ताणा लावणे ही कामे बहुधा घरातल्या बायका करतात. हातमाग गणनेत त्यांची नोंद ‘पूरक कामगार’ म्हणून होते. २०१९-२० च्या चौथ्या गणनेत देशातील ३५.२२ लाख हातमाग कामगारांत स्त्रिया सुमारे ७२ टक्के होत्या. उलाढालीच्या आकड्यांत मात्र घरातल्या या पूरक कामगार दिसत नाहीत, कारण त्यांना मजुरी वेगळी दिलेली नसते. नाव पैठणचे असले तरी विणकामाचे मोठे केंद्र येवला नाशिक जिल्ह्यात, म्हणजे विभागाबाहेर, आहे. भौगोलिक मानांकन दोन्ही ठिकाणांना लागू असल्याने मानांकनावरून मराठवाड्याचा वाटा काढता येत नाही.

सादरीकरण : तमाशाचा फड वर्गीकरणाच्या नव्वदाव्या विभागात रंगमंचीय निर्मिती म्हणून बसतो. गोंधळी, आराधी, वासुदेव किंवा हलगीवादक यांचे तसे नाही. श्रमबल सर्वेक्षणात मागच्या ३६५ दिवसांपैकी जास्त काळ केलेले काम मुख्य धरतात. बीडकडचा हलगीवाला सहा महिने ऊसतोडीला गेला तर तो शेतमजूर. किमान ३० दिवस वाजविले असेल तरच दुय्यम काम म्हणून हलगीची नोंद होते. तमाशातील कलावंत आणि ऊसतोड कामगार दोघेही हंगामापूर्वी उचल (आगाऊ रक्कम) घेतात. हिशेबात ती मजुरी न दिसता कर्ज म्हणून दिसते, आणि घरखर्चाच्या पाहणीत विचारणाऱ्याला कलावंताची मिळकत सापडण्याऐवजी त्याचे देणे सापडते. यात्रांच्या सुपाऱ्या बऱ्याच अंशी पुणे जिल्ह्यातील नारायणगावच्या राहुट्यांत ठरत असल्याने व्यवहाराची नोंद, झालीच तर, तिकडची होते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत लावणीही रंगते आणि घोड्या-बैलांचा बाजारही भरतो. २००९ च्या चौकटीप्रमाणे यात्रा सांस्कृतिक ठरते. जनावरांची विक्री वगळणेच रास्त, मात्र घुंगूरमाळा, झुली व गोंडे यांची विक्री कारागिरीत धरायला हवी.

ग्रंथव्यवहार छत्रपती संभाजीनगरभोवती एकवटलेला आहे. मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना १९४३ ची.

पर्यटन : वेरूळ व अजिंठा ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. युनेस्कोच्या चौकटीत पर्यटन ‘संबंधित’ क्षेत्र असून त्याचा आकडा मुख्य सांस्कृतिक क्षेत्रांपासून वेगळा दाखवितात. राष्ट्रीय लेख्यांना (देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबांना) जोडून एखाद्या क्षेत्राचे उपखाते ठेवण्याची रीत संस्कृतीसाठी कोलंबियाने लवकर अवलंबिली. भारताने पर्यटनाचे पहिले उपखाते २००२-०३ हे वर्ष धरून केले. पर्यटकाची खरेदी अशा उपखात्यात पर्यटनखर्चात जाते. म्हणून वेरूळला आलेल्या पाहुण्याने घेतलेली हिमरू शाल हस्तकलेच्या उत्पादनातही मोजली, तर दोन्ही खात्यांची बेरीज करताना तिची किंमत एकदा वजा करावी लागते.