बंद पिशव्या आणि आत वळलेली फुले: संत्रे-अंजिराच्या सॅलडमागचे विज्ञान

संत्र्याची एक फोड घ्यावी आणि तिच्यावरचा पापुद्रा नखाने हलकेच सोलावा. आत रसाने तट्ट फुगलेल्या, एका टोकाला निमुळत्या झालेल्या पिशव्या एकमेकींना बिलगून बसलेल्या दिसतात. या पिशव्या म्हणजे फळाच्या आतल्या भिंतीवर उगवलेले केस आहेत, हे ऐकायला विचित्र वाटते; पण फळ अगदी लहान असताना फोडीच्या आतल्या पृष्ठभागावर खरोखरच केसांसारखे उंचवटे फुटतात, ते लांबत जातात आणि त्यांच्या पेशींत पाणी, साखर व सायट्रिक आम्ल साठत जाते. मोसंबी, पपनस, ग्रेपफ्रूट, लिंबू या सगळ्यांचा गर असाच घडतो. रस आधीच बंद पिशव्यांत भरलेला असल्यामुळे तो तिथेच राहणार की ताटलीत वाहून जाणार, हे सुरीच्या धारेवर ठरते. बोथट सुरी पिशव्या चिरडते, तर धारदार सुरी पापुद्र्याला लागून सरळ खाली उतरते.

अंजिराची घडण अगदी निराळी आहे. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो, आणि अंजीर हे उंबराच्याच फायकस प्रजातीतले झाड असल्यामुळे त्याचेही फूल बाहेरून दिसत नाही. अंजीर मधोमध फाडले की सालीखाली पांढरट थर आणि त्यावर आतल्या बाजूला तोंडे करून बसलेले गुलाबी धागे दिसतात. हा प्रत्येक धागा म्हणजे एकेक फूल. दाताखाली कुरकुरणारी 'बी'ही केवळ बी नसून एकेका फुलाचे स्वतंत्र, इवलेसे फळ असते. अंजिरात कीटक असतो का, हा प्रश्न अनेकांना पडतो. काही वाणांना परागीभवनासाठी एका सूक्ष्म वास्प कीटकाची गरज असते हे खरे, पण ताजे खाल्ले जाणारे बहुतेक वाण परागीभवनाशिवायच फळ धरतात.

ही दोन फळे एकत्र का शोभतात, याचे उत्तर त्यांच्यातल्या आम्लात आहे. 100 ग्रॅम ताज्या अंजिरात सुमारे 16 ग्रॅम साखर असते, पण आम्ल फारच थोडे असते आणि त्याचा सामू (pH; तो जितका कमी तितका आंबटपणा अधिक) 5च्या आसपास राहतो. संत्र्यात साखर सुमारे 9 ग्रॅम आणि सामू साधारण 3.5 ते 4. म्हणजे नुसते अंजीर गोड लागले तरी काहीसे सपक वाटते. गोड आणि आंबट या चवी एकत्र आल्या की एकमेकींची धार कमी करतात, त्यामुळे संत्र्याचा चटका सौम्य होतो आणि अंजिराचा सपकपणा जातो. मात्र त्यासाठी अंजीर झाडावरच पिकलेले हवे, कारण तोडल्यानंतर ते मऊ पडते, पण त्याची गोडी फारशी वाढत नाही. देठाशी मान टाकलेले, किंचित सुरकुतलेले फळ निवडणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

फ्रिजमधून काढलेले अंजीर लगेच खाल्ले तर बेचव लागते. त्याचा दोष गोडीच्या अभावाला दिला जातो, पण फ्रुक्टोज ही साखर थंड असताना उलट अधिक गोड लागते. कमी होतो तो सुगंध, कारण थंडीत सुवासाचे रेणू हवेत कमी उडतात. अर्धा तास आधी फळे बाहेर काढून ठेवली की हा फरक स्वतःच कळतो.

कडवटपणाकडे मात्र अधिक बारकाईने पाहायला हवे. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांचा कडूपणा नारिंजिन या द्रव्यामुळे असतो आणि तो पहिल्या घासालाच जाणवतो. संत्र्यातले लिमोनिन निराळ्या रीतीने वागते. अखंड फळाच्या पापुद्र्यांत आणि सालीखालच्या पांढऱ्या थरात त्याचे चव नसलेले पूर्वरूप असते. पेशी फाटून त्यावर आम्लयुक्त रस आला की काही तासांत त्याचे कडू लिमोनिनमध्ये रूपांतर होते. ताजा गोड रस दुपारपर्यंत कडवट होतो, विशेषतः नेव्हल जातीच्या संत्र्यांचा, तो याच कारणाने. म्हणून फळाची दोन्ही टोके कापून ते उभे ठेवावे, पांढऱ्या थरासकट साल वरून खाली उतरवावी आणि मगच पापुद्र्यांच्या मधली फोड मोकळी करावी. हे काम किचकट आहे, पण माझ्या मते या सॅलडमधला सर्वांत सार्थकी लागणारा वेळ तोच आहे.

उरलेल्या कडूपणावर चिमूटभर मीठ चालते. पॉल ब्रेसलिन आणि गॅरी बोशाँ यांनी 1997 मध्ये दाखवून दिले, की साखर आणि कडू युरिया यांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातला असता कडवटपणा दबतो आणि त्यामुळे झाकली गेलेली गोडी वर येते. पण मीठ कापलेल्या पेशींतले पाणीही ओढून घेते, त्यामुळे ते वाढण्याच्या अगदी आधी घालावे.

अंजिराचा देठ कापला की पांढऱ्या चिकाचा थेंब येतो. त्यात फायसिन नावाचे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते. त्याने दूध फाटते आणि कच्चे अंजीर घातलेली जिलेटिनची जेली घट्ट होत नाही. फळ पिकत जाते तसा चीक कमी होतो. तरीही ज्यांच्या ओठांना खाज येते त्यांनी देठाकडचा भाग काढून टाकलेला बरा.

याच चिकात आणि लिंबांच्या सालीत फ्युरॅनोकुमारिन वर्गातली द्रव्येही असतात, आणि ही गोष्ट स्वयंपाकघरात पुरेशी माहीत नाही, याची मला खंत वाटते. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन लागले, तर अतिनील किरणांमुळे भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, तेही लगेच नव्हे तर एक-दोन दिवसांनी, त्यामुळे कारण ध्यानात येत नाही. म्हणून चिरून झाल्यावर हात साबणाने धुवून मगच उन्हात जावे. याच वर्गातली ग्रेपफ्रूटमधली द्रव्ये आतड्यातल्या एका विकराला निकामी करतात, त्यामुळे काही औषधे रक्तात अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात पोहोचतात. डेव्हिड बेली यांच्या गटाला 1989 मध्ये हे योगायोगानेच कळले, कारण मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी प्रयोगात ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांसाठी हे सॅलड करायचे असेल तर ग्रेपफ्रूट आणि पपनस यांच्याविषयी आधी डॉक्टरांना विचारावे.

हिरवी पाने घालायची असतील तर ती पूर्ण कोरडी असावीत. पानावर मेणाचा थर असतो. पाण्याचे थेंब त्यावरून ओघळतात, पण तेल त्यातून झिरपून आतल्या पोकळ्यांतली हवा हुसकावते, आणि पान गडद होऊन मलूल पडते. आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग हळूहळू मातकट होतो. तेल आणि रस एकत्र घुसळून ठेवावेत, पाने मात्र त्यात शेवटच्या पाच मिनिटांतच घालावीत. त्यावर फोडी, आणि अंजीर सर्वांत शेवटी, हाताने फाडून, गुलाबी बाजू वर करून.

कडवट पांढरा थर न घेता काढलेला सालीचा एक तुकडा बाजूला ठेवलेला असतोच. रंगीत बाजू खाली करून तो ताटलीवर दुमडला की तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि बारीक तुषार उडतात. संत्र्याच्या सालीतल्या या तेलात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनिन नव्हे, लिमोनीन नावाचे सुगंधी द्रव्य असते. नावे जवळची असली तरी पहिले कडू आहे आणि दुसऱ्याचा वास जेवणाऱ्यापर्यंत घास तोंडात जाण्याआधीच पोहोचतो.