धुंधुरमास ते रथसप्तमी: आमच्या छोट्या अभ्यंग सेंटरमधल्या सणामागची गोष्ट

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमचा फोन वाजायला लागतो. गुडघे, खांदे, कंबर, सगळ्यांची दुखणी एकदम जागी होतात. नाशिकमधलं आमचं सेंटर म्हणजे दोन खोल्या, दोन टेबलं, मी आणि माझ्याबरोबर काम करणारी एक ताई, बस. अभ्यंग, पोटलीचा शेक, डोक्याला तेल, एवढंच करतो, डॉक्टरांची औषधं ज्यांची चालू आहेत त्यांची चालूच ठेवायला सांगतो, नव्हे, बजावतो. आणि दरवर्षी डिसेंबरच्या मध्यापासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे एक सण चालतो. नवीन पेशंट विचारतात की हे खिचडी, तीळ, उटणं सगळं नेमकं कशासाठी, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

सुरुवात धुंधुरमासापासून. साधारण १६ डिसेंबरला सूर्य धनु राशीत जातो आणि संक्रांतीपर्यंत तिथेच असतो, तो हा महिना. आपल्याकडे या दिवसांत एकदा तरी सूर्य उगवता उगवता जेवायची पद्धत आहे, मुगाची गरम खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. माझी आजी पहाटे चारला चूल पेटवायची आणि आम्हा पोरांना गोधडीतून उठवून पाटावर बसवायची, तेव्हा वाटायचं देवाचं काहीतरी असेल. खूप वर्षांनी अभ्यंग शिकताना वाग्भटाचं अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ समोर आला, त्यातला ऋतुचर्येचा, म्हणजे कोणत्या ऋतूत कसं खावं-राहावं याचा अध्याय वाचला आणि आजीचा पाट डोळ्यांपुढे उभा राहिला. वाग्भट साधारण सातव्या शतकातला. हेमंत ऋतूबद्दल तो सांगतो की रात्री मोठ्या असल्यामुळे माणूस सकाळीच भुकेला होतो, आणि लगेच पुढे सांगतो की वात कमी करणाऱ्या तेलांनी अंगाला अभ्यंग करा, डोक्याला तेल लावा, अंग चोळून घ्या. म्हणजे भूक आणि तेल एकामागोमाग एक, एकाच जागी! नाशिकला डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, रात्र १३ तासांची, आठला जेवून झोपलेल्या माणसाच्या पोटात सकाळी सहाला काय उरणार.

म्हणून आमच्याकडे धुंधुरमासातल्या एका रविवारी पहाटे पेशंट जमतात. आधी तेल, मग गरम पाणी, मग खिचडी, क्रम तोच ठेवलाय. तेलाची स्टीलची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, थेट गॅसवर नाही, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघायचा, चटका न लागता ऊब लागली की तेल तयार. तोवर खोलीभर तिळाचा तो खमंग, थोडासा मातकट वास पसरलेला असतो आणि अर्ध्या लोकांचं दुखणं तिथेच थोडं हलकं झाल्यासारखं वाटतं, असं तेच सांगतात.

आता तीळच का? तेल हा शब्दच तिळातून आलाय, तैल म्हणजे तिळाचं ते, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, खोबऱ्याचं तेल असं म्हणताना आपण नकळत तिळाचंच नाव घेत असतो. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडलेत, म्हणजे चार हजार वर्षांहून जुनी ओळख. दाण्याच्या वजनाचा निम्मा भाग तरी तेलच, आणि त्यात सेसमॉलसारखी द्रव्यं असल्यामुळे ते लवकर खवट होत नाही. आयुर्वेद तिळाला उष्ण आणि वातघ्न, म्हणजे वात कमी करणारं म्हणतो, आणि थंडीत कोरडी पडलेली, भेगाळलेली टाच मी रोज हातात घेते, त्यामुळे मला हे पुस्तकातलं वाटत नाही. (तिळाची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा, काही जणांना ती खरंच जोरात होते, त्यांच्यासाठी खोबरेल ठेवतो.)

पौष-माघात तिळाचे सहा उपयोग सांगणारा एक जुना श्लोक आहे, षट्तिला एकादशीचं नाव त्यावरूनच. तीळ घातलेल्या पाण्याने आंघोळ, तिळाचं उटणं, तिळाचा होम, तिळाचं तर्पण, तीळ खाणं आणि तीळ दान करणं. यातले पहिले दोन बघा, सरळ अंगाला लावायचे! आपण खाण्याचं आणि दानाचं तेवढं सांभाळलं, लाडू केले, वड्या केल्या, तिळगूळ वाटला, आणि अंगाचं विसरून गेलो. माझं या सगळ्यात म्हणणं हेच आहे की संक्रांत हा अर्धा अंगाला लावायचा सण होता. म्हणून भोगीच्या दिवशी आमच्याकडे तीळ वाटून केलेलं उटणं असतं आणि ज्याला हवं त्याला छोट्या डबीत घरी पण देतो.

भोगीला ती सगळ्या भाज्यांची भाजी, वांगं, गाजर, पावटा, घेवडा, सोलाणे, बोरं, उसाचे करवे, वर तिळाचं कूट. न खाई भोगी तो सदा रोगी हे प्रत्येक आजीला पाठ असतं. वाग्भटाच्या हिशेबात थंडीत माणसाचं बळ सगळ्यात जास्त असतं आणि उत्तरायण लागलं, म्हणजे सूर्य उत्तरेकडे सरकू लागला, की तो ते बळ हळूहळू ओढून घ्यायला लागतो, त्याला आदानकाल म्हणतात. म्हणजे बळ भरलेलं असतानाच पोटभर, स्निग्ध खाऊन घ्या, भोगी बरोब्बर त्या वळणावर येते.

इथे एक जण दरवर्षी अडवतो, उत्तरायण तर २२ डिसेंबरला लागतं ना, मग संक्रांत १४ जानेवारीला कशी? बरोबर आहे त्याचं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी साधारण २६ हजार वर्षांची, त्यामुळे ताऱ्यांवर मोजलेली संक्रांत खऱ्या उत्तरायणापासून साधारण ७१ वर्षांना एक दिवस या गतीने पुढे सरकते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होत्या. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो संक्रांतीचा दिवस होता, आता तीच १४ किंवा १५ ला येते, एवढ्यात सुद्धा फरक दिसतो. आणि हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. सहाव्या शतकात वराहमिहिर या ज्योतिषाने आपल्या बृहत्संहिता ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की पूर्वीच्या शास्त्रात उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितलंय, तसं कधीकाळी नक्की असणार, पण आता ते मकर राशीच्या आरंभी होतं. जुन्या ग्रंथाचा मान ठेवून आकाशात दिसतं ते सांगायचं, मला हे फार आवडतं. १९५७ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय पंचांग आणलं, त्याच्या समितीचे अध्यक्ष शास्त्रज्ञ मेघनाद साहा, त्यात पौषाची १ तारीख २२ डिसेंबरलाच ठेवलीय. कॅलेंडरवर बारीक अक्षरात ते छापलेलं असतं, कोणी बघत नाही. आम्ही त्या दिवशी दारात पणती लावतो, आणि संक्रांत पंचांगाप्रमाणेच करतो, दोन्ही.

हळदीकुंकू मात्र आम्ही बंद केलं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका सत्तरीच्या पुढच्या, कितीतरी जणींचे नवरे गेलेले, त्या रीतीने त्यांना बाजूला बसवायचं आणि नंतर त्यांच्याच गुडघ्यांना तेल लावायचं, हे मला जमलं नसतं. कुंभाराकडून सुगडं आणतो, त्यात हरभरा, ऊस, बोरं, गव्हाच्या ओंब्या भरतो, आणि तिळगूळ आणि वाण सगळ्यांना, पुरुषांना पण. द्राक्षबागेतले एक काका येतात, थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवत जागरण करणारे, छाटणीने खांदा धरलेला, पहिल्या वर्षी वाण हातात घेताना लाजले होते, म्हणाले आम्हाला कशाला, आता स्वतःच मागतात.

वाण म्हणजे लाकडी घाण्याच्या तेलाची छोटी बाटली, रथसप्तमीपर्यंत रोज रात्री तळपायांना लावायची. रथसप्तमीला बऱ्याच बाटल्या धुऊन, पुसून परत येतात, त्या काकांची यंदा झाकणासकट आली आणि आत त्यांच्या बागेतले मूठभर बेदाणे होते.